तिसरी फीत

मार्गशीर्षातल्या जत्रेसाठी दर दोन-तीन वर्षांनी पेडण्याच्या घरी जाण्याचा आमचा परिपाठ आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ बडोद्यास काढला, तरी गावच्या देवाचे बोलावणे आले की पाय तिकडे वळतातच. गेल्या खेपेस जत्रा आटोपल्यावर थोरल्या वहिनींनी पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवून घेतली. जमिनीचे काही जुने कागद पाहायचे होते. पेटीत वरच्या बाजूस लाल रुमालात बांधलेले मोडी कागदांचे दप्तर होते आणि त्याच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, तीन काळ्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. त्यांवरच्या चिठ्ठ्यांवर अक्षर आमच्या वडिलांचे होते. ‘जत्रा १९८७, पहिली’, ‘दुसरी’, ‘तिसरी’.

वहिनींची नात जवळच बसली होती. वय वर्षे नऊ. तिने एक कॅसेट उचलली, उलटीपालटी केली, कानाशी नेऊन हलवून पाहिली आणि विचारले, “धाकटे आजोबा, हे काय आहे?”

“ह्यात तुझे पणजोबा आहेत,” आम्ही सांगितले.

“मग बघू या ना!”

मुलीचे म्हणणे अगदी रास्त होते आणि आमच्याजवळ त्याला उत्तर नव्हते. शेजारी उघडलेल्या दप्तरातले मोडी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. पण कागद डोळ्यांपुढे धरता येतो, शाई दिसते, अक्षराची वळणे दिसतात. उद्या मोडी जाणणारा कोणी भेटला, किंवा घरातल्याच कोणी वर्षभर खटपट करून ती लिपी शिकून घेतली, तर दप्तर बोलू लागेल. कॅसेटीतली फीत उजेडात धरून पाहिली तर ती केवळ काळसर तपकिरी पट्टी. जगातल्या कोणत्याही विद्वानाला ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येणार नाही. तिला वाचणारे यंत्रच हवे, आणि ते यंत्र आता कोणी बनवीत नाही.

ह्या तीन कॅसेटींत काय होते ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, पेडणे महालात प्राथमिक शिक्षक होते. गावात सारे त्यांना मास्तर म्हणत. त्यांना दशावताराचे वेड होते. १९८७ साली, म्हणजे ज्या वर्षी ३० मे रोजी गोवा हे घटक राज्य झाले त्या वर्षी, डिसेंबरातल्या जत्रेच्या दुसऱ्या रात्री गावच्या हौशी मंडळींनी दशावतार उभा केला. आख्यान कर्णाचे होते आणि कर्ण होते अण्णा. आखातात नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्याने हौसेने पदरमोड करून म्हापशाहून शूटिंगवाला बोलावला. खांद्यावर पेलायचा भला मोठा कॅमेरा, डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा आणि देवळाच्या आवारातून ओढलेली लांबच लांब वायर पाहायलाच निम्मा गाव लोटला होता. रात्री दहाला आड दशावतार सुरू झाला. गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती आणि सर्वांना हसवणारा संकासुर येऊन गेले. मग आख्यान लागले. तीन-तीन तासांच्या तीन कॅसेटी भरल्या तेव्हा पूर्वेला तांबडे फुटले होते.

दशावताराशी ज्यांचा परिचय नाही अशा वाचकांसाठी एक गोष्ट सांगावयास हवी. ह्या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते हे ठरते, कोण कोणत्या वेळी रंगमंचावर येणार हे ठरते. पुढे पेटी आणि मृदंगाच्या साथीने प्रत्येक जण स्वतःच्या वाचेवर उभा असतो. कुंती पहाटेच्या वेळी कर्णाला भेटायला येते आणि तू माझा मुलगा आहेस असे सांगते, त्या प्रवेशात त्या पहाटे अण्णा जे बोलले ते त्यांनी आधी कधी लिहिले नव्हते आणि पुढे कधी तसेच्या तसे बोलू शकले नाहीत. आम्ही समोर घोंगडीवर बसलो होतो. आसपासच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या एवढे आठवते. शब्द एकही आठवत नाही. ते शब्द केवळ एकाच ठिकाणी होते, तिसऱ्या फितीत.

पुढची गोष्ट आमच्या अपराधाची आहे.

पुढल्या वर्षी त्या शेजाऱ्याच्या घरी आखातातून आलेल्या व्हीसीआरवर सगळ्या वाडीने तिन्ही कॅसेटी पाहिल्या. बडोद्याच्या स्नेह्यांना दाखवावी म्हणून तिसरी कॅसेट आम्ही मागून घेतली. ती दाखवली, सर्वांनी वाखाणली आणि मग ती आमच्याच कपाटात राहून गेली. १९९० सालच्या पूर्वार्धात दूरदर्शनवरचे ‘महाभारत’ संपत आले होते. कर्णाचे भाग जपून ठेवावेत असे आम्हांला फार वाटले. रविवारी सकाळी कोरी कॅसेट घरात नव्हती. हाताशी जी आली ती यंत्रात सारली आणि तांबडे बटण दाबले. पुढचे दोन रविवारही त्याच कॅसेटीवर पुढे भरले. कॅसेट कोणती होती हे महिन्याभराने लक्षात आले.

कॅसेटीच्या पाठीला, चिठ्ठी डकवतात त्या कडेच्या टोकाशी, प्लॅस्टिकची एक लहानशी जिभली असते. ती मोडून टाकली की यंत्र त्या फितीवर दुसरे काही भरू देत नाही. नखाने मोडण्याजोगी वस्तू आहे. ती आम्ही मोडली नव्हती. दूरदर्शनचे ते ‘महाभारत’ पुढे अनेकदा दाखवले गेले, २०२० सालच्या टाळेबंदीत तर ते घरोघर पुन्हा लागले. ज्याला हवे त्याला ते आजही मिळते. जे कोठेही मिळेल ते जपण्यासाठी, जे पुन्हा कोठेच मिळणार नाही ते आम्ही पुसले.

१९९४ च्या दिवाळीत अण्णा बडोद्यास आले होते. एका संध्याकाळी म्हणाले, “ती तिसरी फीत लाव रे, एकदा पाहू.” आम्ही म्हटले, “यंत्र बिघडले आहे, अण्णा. दुरुस्त झाले की लावू.” त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारले नाही. दोन वर्षांनी ते गेले. आम्ही ती कॅसेट गुपचूप पेडण्यास नेऊन इतर दोघींच्या शेजारी ठेवून दिली. पुढे आमचे यंत्र खरोखरच बिघडले आणि भंगारात गेले. आम्ही अण्णांना खोटे सांगितले होते. ते अशा रीतीने खरे झाले.

नातीच्या प्रश्नाने हे सारे पुन्हा वर आले. तीन तासांच्या कॅसेटीवर तीन रविवारचे भाग भरले म्हणजे शेवटी थोडी फीत न पुसलेली उरली असणार, हा हिशेब आमच्या मनात अनेक वर्षे होता. तो पडताळून पाहण्याचे धैर्य मात्र झाले नव्हते. आता ठरवले. परत जाताना तिसरी कॅसेट एका शहरातल्या दुकानात दिली. ‘जुन्या कॅसेटीची नवी प्रत करून मिळेल’ अशी पाटी होती. चार दिवसांनी कॅसेट परत मिळाली, बरोबर निरोप की यंत्राने फीत ओढली, वरची कडा चुरगळली, पुढे काही होणे नाही. दुकानदाराला दोष द्यावा असे वाटले नाही. त्याचे यंत्रही शेवटचे आचके देत होते आणि ते दुरुस्त करणारा त्याला माहीत नव्हता.

मग डिचोलीच्या मामेभावाने फोनवर सांगितले, “आमच्याकडे एक मेस्त आहेत. एकदा त्यांना दाखव.”

महिन्याभराने आम्ही पुन्हा गोव्यास गेलो. पेडण्याहून डिचोलीस जायचे म्हणजे कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा, तेथून अस्नोडा, मुळगाव असा रस्ता. हा खाणींचा प्रदेश आहे. आमच्या लहानपणी येथली झाडेसुद्धा तांबडी दिसत. लोहखनिजाचे ट्रक नदीच्या धक्क्यावर रिकामे होत, बार्जींतून माल मुरगाव बंदरात जाई आणि तेथून त्यातला मोठा वाटा जपानला रवाना होई. २०१२ साली हे खाणकाम थांबले, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबले, आणि आता काही खाणी पुन्हा जाग्या होत आहेत. खाणींत पैसा खेळत होता त्या दिवसांत डिचोलीत लग्ने, मुंजी, जत्रा आणि उत्सवी नाटके ह्यांची चित्रफीत काढण्याची मोठी चलती होती. मेस्तांनी तो काळ खांद्यावर कॅमेरा घेऊन काढला. त्याआधी ते रेडिओ दुरुस्त करीत. आता सत्तरीला टेकले आहेत.

त्यांच्या घराच्या मागल्या खोलीत पाऊल टाकले आणि आम्ही थबकलो. भिंतीला लावलेल्या लाकडी फळ्यांवर व्हीसीआर रचून ठेवलेले. काहींची झाकणे काढलेली, काहींच्या पोटातले भाग नाहीसे. एका कोपऱ्यात जुने खोकेवजा टीव्ही. टेबलावर एक जाड वही. त्या वहीत प्रत्येक यंत्राची नोंद होती: कोणत्या यंत्राचा पट्टा कोणत्या यंत्राला बसतो, कोणते हेड कोठून काढले, कोणता रबरी रोळ किती सालचा आहे.

“सुटे भाग येत नाहीत, बाब,” ते म्हणाले. “एका यंत्राचे औषध दुसऱ्या यंत्राच्या पोटात. पाच मारतो तेव्हा एक जगते.”

आम्ही तिसरी कॅसेट घाईने पिशवीतून काढू लागलो. त्यांनी हात वर केला. “सवकास, बाब, सवकास.”

त्यांनी आधी पहिली आणि दुसरी कॅसेट पाहिली. पारदर्शक खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसत होती. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोटमाळ्यावर त्या फितींनी असे कितीतरी पावसाळे काढले होते. फितीचा पाया पॉलिएस्टरचा, त्यावर चुंबकीय कणांचा लेप, आणि तो लेप धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ. हा चिकट पदार्थ दमट हवेतले पाणी पितो आणि वर्षानुवर्षे सैल पडत जातो. बुरशी लागलेली कॅसेट चांगल्या यंत्रात घातली तर ती हेडला माखते, फीत खरवडते, आणि पुढल्या प्रत्येक कॅसेटीला तोच रोग देते. मेस्तांनी दोन्ही कॅसेटी ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर बंद डब्यात आठवडाभर ठेवल्या. मग तोंडाला फडके बांधून कवचाचे पाच स्क्रू काढले, हाताने चक्र फिरवीत वीतवीत फीत मऊ कापडाने पुसली आणि दोन्ही गुंडाळ्या दुसऱ्या, स्वच्छ कवचात बसवल्या. आजारी फितींसाठी त्यांनी एक यंत्र वेगळे राखले आहे. त्याला ते ‘बळीचा बकरा’ म्हणतात.

ह्या कामाला जे दिवस लागले त्यांत आम्ही रोज त्यांच्याकडे जाऊन बसत होतो, प्रश्न विचारीत होतो, आणि रात्री ह्या विद्येचा इतिहास वाचीत होतो. तो इतिहास आमच्या समजुतीहून पुष्कळ रंजक निघाला.

लोहचुंबकाच्या साह्याने आवाज धरून ठेवता येतो हे डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनने १८९८ साली दाखवून दिले. त्याने पोलादी तार वापरली होती. फ्रिट्झ फ्लॉयमर ह्या जर्मन संशोधकाने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहाची पूड चिकटवली आणि फीत जन्मास आली. आवाज धरणे त्या मानाने सोपे. चित्रात माहिती इतकी अधिक असते की ती टिपायला हेडपुढून फीत प्रचंड वेगाने धावावी लागते. बीबीसीने १९५०च्या दशकात असे यंत्र केले. त्यात फीत सेकंदाला पाच मीटर धावे आणि भल्या थोरल्या चाकात जेमतेम पंधरा मिनिटे मावत. मार्ग काढला तो अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने. फीत सावकाश चालवायची आणि हेडच गरागरा फिरवायचे. चार्ल्स जिन्सबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांचे हे यंत्र एप्रिल १९५६ मध्ये शिकागोला लोकांपुढे आले. फीत दोन इंच रुंद होती आणि यंत्र कपाटाएवढे. पुढे जपानी कारखान्यांनी हीच कल्पना घरात मावेल इतकी लहान केली. सोनीने १९७१ साली यू-मॅटिक आणि १९७५ साली बीटामॅक्स आणले, तर जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस. आपल्या घरोघर पोहोचली ती ही शेवटची.

मेस्तांनी एक यंत्र उघडून आम्हांला हे प्रत्यक्ष दाखवले. आत वाटीएवढा चकचकीत गोल ढोल असतो. तो सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो. त्याला दोन डोळे असतात, हेच हेड. अर्धा इंच रुंदीची फीत ढोलाला तिरपी लपेटून सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर ह्या गोगलगायीच्या गतीने सरकते. पण ढोल फिरत असल्यामुळे हेड आणि फीत ह्यांचा परस्परवेग सेकंदाला जवळजवळ पाच मीटर होतो. चित्र फितीवर तिरप्या रेघांनी लिहिले जाते, सेकंदाला पन्नास रेघा.

“आणि आवाज?” आम्ही विचारले.

“आवाज वरच्या कडेला. सरळ रेघेत. एक मिलिमीटर रुंद.”

म्हणजे जी कडा चुरगळली होती, नेमकी तिच्यावर अण्णांचा आवाज होता. आम्ही काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. त्यांनी तिसरी कॅसेट दिव्याखाली धरली आणि बराच वेळ पाहिली.

फितीवरचा लेप म्हणजे लोहाचे ऑक्साइड, साध्या भाषेत गंजाचा जातभाई. तो रासायनिक प्रक्रियेने मुद्दाम तयार केलेला असतो, खाणीतली माती तशीच्या तशी कोणी फितीला लावीत नाही. तरीही त्या संध्याकाळी मुळगावच्या तांबड्या रस्त्याने परतताना मनात आले, जपानला लोखंडाची माती धाडणाऱ्या ह्या मुलखाने आपल्या जत्रा, आपली लग्ने आणि आपली नाटके जपानहून आलेल्या फितींवर, लोखंडाच्याच तांबुस कणांत ठेवून दिली. गंजाने धरलेली आठवण दमटपणाने मरते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही.

पुढल्या रविवारी थोरले बंधू, वहिनी, पुतण्या आणि ती नात, सारे डिचोलीस आले. पहिल्या दोन कॅसेटींतले बरेच काही वाचले. चित्र थरथरते, मध्येच पांढऱ्या रेघांचा पाऊस पडतो, दुसऱ्या कॅसेटीतला एक भाग साफ गेला आहे. पण संकासुर दिसला, मृदंगावरचा हात दिसला, घोंगडीवर बसलेली आमची आई क्षणभर दिसली. हे सारे यंत्रातून निघता निघता पुतण्याच्या संगणकात उतरत होते.

मग तिसरी लावली. प्रथम ‘महाभारत’ आले, जाहिरातींसकट. थोरल्या बंधूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले. सव्वादोन तासांहून अधिक वेळ ते चालले. पुढे ढकलू या म्हटले तर मेस्त नको म्हणाले, म्हाताऱ्या फितीला धावडवायचे नसते. अखेर चित्र फाटल्यासारखे झाले, पडदा पांढरा झाला आणि एकाएकी हॅलोजनच्या दिव्यातला तो मंडप उभा राहिला. आवाज येईना. मेस्तांनी यंत्राच्या पोटात बारीक पेचकस घालून आवाजाचे हेड केसभर झुकवले. खरखर झाली, आणि तिच्यातून पेटीचा सूर आला. मागोमाग अण्णांचा आवाज आला.

कुंतीचा प्रवेश गेलाच होता. उरली होती ती शेवटची काही मिनिटे, रुतलेले चाक आणि कर्णाचे पडणे. शब्द काही कळत, काही कळत नसत. मग दहीहंडी फुटली, काला वाटला गेला, लोक उठू लागले. कॅमेरा तसाच चालू होता. अण्णा रंग निम्मा पुसलेल्या चेहऱ्याने कॅमेऱ्याजवळ आले आणि आपल्या पेडणेकरी बोलीत त्यांनी विचारले, “सगळे आले ना फितीत?” न दिसणाऱ्या शूटिंगवाल्याचे उत्तर ऐकू आले, “सगळे आले, मास्तर.” फीत तेथे संपली.

खोलीत कोणी बोलेना. नात म्हणाली, “पणजोबा तुमच्यासारखेच बोलतात, धाकटे आजोबा.”

आम्ही तेव्हा थोरल्या बंधूंना सारे सांगून टाकले. दिवाळीत बोललेले खोटेही सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “अण्णांना ठाऊक होते. बडोद्याहून आल्यावर मला म्हणाले, फीत पुसली गेली असावी, त्याला विचारू नकोस.”

ह्यावर अधिक लिहिणे आम्हांला जमणार नाही.

असो. आमच्या घरात घडले ते जगात मोठ्या प्रमाणावर घडले आहे, हे वाचून थोडे समाधान आणि पुष्कळ भय वाटले. फिती महाग, त्यामुळे पुसून पुन्हा वापरण्याची चाल सर्वत्र होती. बीबीसीने १९६० व १९७०च्या दशकांत आपले कितीतरी कार्यक्रम असेच गमावले. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, त्या वेळी थेट चंद्रावरून आलेले संकेत ज्या मूळ फितींवर टिपले होते त्याही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ साली काढला. आमची चूक नासाएवढी मोठी नसेल. पण आमच्या घराचा चंद्र तोच होता.

आता पुसण्याचे भय उरले नाही, वाचता न येण्याचे आहे. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी मार्च २०१६ मध्ये बंद केल्या. त्याच वर्षीच्या जुलैत फुनाई ह्या जपानी कंपनीने व्हीएचएसची यंत्रे बनवणे थांबवले. ती शेवटची उरलेली होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत ज्या फितींची नवी प्रत होणार नाही त्या बहुतांशी हातच्या गेल्या असे समजावे. युनेस्कोनेही २०१९ साली जगभर अशीच हाक दिली. त्या इशाऱ्यांचे कारण फीत कुजते एवढेच नाही. यंत्रे संपत आहेत, सुटे भाग संपत आहेत आणि हात संपत आहेत.

पणजीच्या पुराभिलेखागाराची स्थापना १५९५ सालची. दिओगो दो कौतो हा त्याचा पहिला रक्षक. चारशे वर्षांपूर्वीचा कागद तेथे आजही वाचता येतो, कारण कागद टिकला आणि लिपी जाणणारे कोणी ना कोणी राहिले. आपल्या मोडीचे काय झाले ते आपण जाणतोच. दप्तरे राहिली, वाचक घटले, आणि आता ती विद्या वर्ग भरवून पुन्हा शिकवावी लागते आहे. चित्रफितीचे तसेच होऊ घातले आहे, पण अधिक वेगाने. म्हणून आम्हांला वाटते की फीत जपणे हे अर्धेच काम आहे. फीत वाचणारे यंत्र, त्या यंत्राची माहितीपुस्तिका आणि ते यंत्र जाणणारा माणूस ही तिन्ही जपली तरच फीत जपल्यासारखी. मेस्तांच्या त्या जाड वहीला आम्ही आमच्या मोडी दप्तराइतकेच मोल देतो. त्यांचे दोन्ही मुलगे दुसऱ्या उद्योगात आहेत. ती वही वाचायला बसणारा त्यांच्या घरात कोणी नाही.

हे सारे आपल्या मासिकात लिहिण्याचे कारण असे. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, दिल्ली, जेथे जेथे आपली मंडळे आहेत तेथे तेथे १९८० व १९९०च्या दशकांतले गणेशोत्सव, मेळे, हौशी नाटके, मंगळागौरी कोणी तरी हौसेने फितीवर घेतल्या असतील. त्यांची पुस्तके छापली गेली नाहीत आणि वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. परमुलखात आपण मराठी कसे बोललो, कसे गायिलो, ह्याचा पुरावा मंडळाच्या कपाटात किंवा एखाद्या शूटिंगवाल्याच्या माळ्यावर काळ्या डब्यांत पडून आहे.

अशी कॅसेट घरात असेल तर आधी तिच्या पाठीची जिभली मोडा. तिच्यात काय आहे हे ज्याला ठाऊक आहे तो हयात असेतोवर त्याच्याकडून लिहून घ्या. नुसते ‘लग्न’ लिहून भागत नाही, कोणाचे, कोठे, केव्हा, आणि पडद्यावर कोण कोण आहेत हे हवे. कॅसेट आडवी ठेवू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा. फीत पूर्णपणे एका बाजूला गुंडाळलेली असू द्या. माळा आणि ओलीची भिंत टाळा. बुरशी दिसली तर घरच्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह आवरा. नवी प्रत झाली की ती दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि तरीही मूळ फीत टाकू नका. चालते यंत्र घरात असेल तर ते भंगारवाल्याला देण्याआधी मंडळात विचारा. आणि आपल्या गावात असा कोणी मेस्त असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला बोलते करा आणि ते टिपून घ्या.

आम्ही निघायच्या आधी पुतण्याने दोन दिवस डिचोलीत बसून मेस्तांच्या वहीच्या सर्व पानांची छायाचित्रे घेतली. प्रत्येक नोंदीपाशी ते थांबत, ती का केली ते सांगत आणि आम्ही लिहून घेत होतो. दुसऱ्या संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, “इतकी वर्षे लोक कॅसेटी घेऊन आले. वही पाहायला तुम्हीच आलात.”

पेडण्यास परतल्यावर तिन्ही कॅसेटी नव्या कोरड्या डब्यात उभ्या लावल्या. पहिल्या दोहोंच्या जिभल्या अण्णांनीच १९८७ साली मोडून ठेवल्या होत्या, हे तेव्हा प्रथम आमच्या लक्षात आले. तिसरीची राहिली होती. पहाटे संपलेली कॅसेट. थकले असतील, विसरले असतील. आम्ही ती नातीच्या हाती दिली आणि कोठे नख घालायचे ते दाखवले. टक्‌ असा बारीकसा आवाज झाला. उशीर झाला होता खरा, पण जिभली मोडली.